आईचं मणक्याचं फ्युजन: रोबोटने करावं की नेहमीच्या पद्धतीने?

माडाखालची (कुडाळ)

नमस्कार, जरा सविस्तर लिहितेय, वाचून मत द्या प्लीज. आईचं वय 62, कुडाळजवळ गावात बाबांबरोबर राहते. गेलं वर्ष-दीड वर्ष तिला चालवत नाहीये, म्हणजे घरातल्या घरात ठीक आहे पण खळ्यातून बाहेर पडून रस्त्याला लागली की दोन्ही पोटऱ्या भरून येतात, पाय बधिर होतात, मग कुणाच्या तरी गडग्यावर बसायचं, थोडं वाकून बसली की बरं वाटतं, परत उठायचं, परत तेच. यंदा काजूच्या बिया वेचायला पण गेली नाही, आणि ती न जाणं म्हणजे काय हे आमच्या घरात सगळ्यांना कळलं.

एमआरआय झालाय. एल4-एल5 ला, म्हणजे कमरेच्या चौथ्या-पाचव्या मणक्याच्या जागी, मणका पुढे सरकलाय, ग्रेड 1 म्हणजे थोडासाच सरकलाय असं लिहिलंय, आणि त्याच लेव्हलला नसांची जागा खूप अरुंद झालीये. गोळ्या, फिजिओ, पाठीतलं इंजेक्शन सगळं झालं, इंजेक्शनने काही आठवडे छान गेले मग परत पहिल्यासारखं. शुगर आहे, गोळ्या चालू आहेत.

आता प्रॉब्लेम असा की भाऊ डोंबिवलीला असतो त्याने मुंबईत दाखवलं, तिथले डॉक्टर म्हणाले फ्युजन, म्हणजे दोन मणके स्क्रू घालून एकमेकांना जोडणं, करावं लागेल आणि आमच्याकडे रोबोट आहे, रोबोटने एकदम अचूक होतं. आम्ही गोव्यात पण एकांना दाखवलं, ते म्हणाले फ्युजन करूया पण रोबोट वगैरे नाही, सी-आर्मवर, म्हणजे ऑपरेशन चालू असताना एक्स-रे दाखवणाऱ्या मशीनवर, बघून नेहमीसारखं करतो, वर्षानुवर्षं करतोय. दोन्हीकडच्या अंदाजात साधारण पावणेदोन लाखांचा फरक येतोय. भाऊ म्हणतो आईच्या पाठीचा प्रश्न आहे पैशाकडे बघू नको, बाबा म्हणतात गोवा जवळ आहे, काही झालं तर दीड-दोन तासात पोचू, मुंबईला कोण धावणार. मला दोघांचंही पटतं आणि म्हणूनच झोप येत नाही. रोबोटने खरंच एवढा फरक पडतो का? ज्यांनी घरात कुणाचं केलंय त्यांनी सांगा.

भाट्येकर_वहिनी (रत्नागिरी)

ताई, आमच्या मिस्टरांचं एल5-एस1 चं, म्हणजे कमरेच्या अगदी शेवटच्या मणक्याचं, फ्युजन झालंय कोल्हापूरला, रोबोट नव्हता. वय तेव्हा 51. मणका सरकलेला, डाव्या पायात करंट मारल्यासारखी कळ यायची, उभं राहून दुकानात गिऱ्हाईक करणं बंद झालेलं. डॉक्टरांनी पाठीवर मोठी एक चीर न देता दोन बाजूंना छोट्या छोट्या चिरा देऊन केलं, स्क्रू घालताना एक्स-रेच्या मशीनवर बघत बघत घातले. दुसऱ्या दिवशी वॉकर घेऊन उभे केले. पायाची कळ तर शुद्धीवर आल्यापासूनच नव्हती, कंबर मात्र बरेच दिवस दुखत होती, ते अपेक्षितच असतं म्हणाले.

हे सांगायचं कारण म्हणजे आम्हाला पण तेव्हा एकाने सांगितलेलं की रोबोट असेल तरच छोट्या चिरांमधून होतं. असं काही नाहीये. छोट्या चिरेचं ऑपरेशन ही वेगळी गोष्ट आणि रोबोट ही वेगळी गोष्ट. रक्त कमी गेलं, लवकर घरी सोडलं असं जे रोबोटच्या नावाने सांगतात त्यातलं पुष्कळसं छोट्या चिरेमुळे असतं. तर गोव्याच्या डॉक्टरांना आधी हे विचारा की तुम्ही पाठ उघडून करणार की छोट्या चिरांतून. आणि आईंच्या बाबतीत कुठलं योग्य ते पण विचारा कारण प्रत्येकाला छोटी चीर चालतेच असं नाही.

मिस्टर आता स्कूटर चालवतात. हायवेच्या खड्ड्यांतून मात्र मी चालवू देत नाही.

देवगडची_सिस्टर (सध्या मुंबई)

मी मूळची देवगडची, मुंबईत एका हॉस्पिटलात ऑपरेशन थिएटरमध्ये स्टाफ आहे, हॉस्पिटलचं नाव लिहिणार नाही. आमच्याकडे मणक्यासाठी रोबोट आहे आणि रोबोटशिवायची पण रोज होतात, दोन्हीत मी उभी असते म्हणून लिहितेय.

पहिलं म्हणजे रोबोट ऑपरेशन करतो हे डोक्यातून काढून टाका. तो एक यांत्रिक हात आहे आणि त्याच्यामागे कॉम्प्युटर. होतं असं की पेशंटचा सीटी स्कॅन कॉम्प्युटरवर घेऊन सर्जन आधीच ठरवतात की कुठला स्क्रू कुठून आत शिरणार, किती कोनात, किती लांबीचा, किती जाडीचा. मग पेशंटला पालथं झोपवून कमरेच्या हाडात एक पिन बसवतात, तिच्यावर खुणेचे गोळे असतात, कॅमेऱ्याला ते सतत दिसत राहावे लागतात, मग तिथेच एक्स-रे किंवा स्कॅन काढून आधीचा सीटी आणि टेबलावरचा पेशंट एकमेकांशी जुळवतात. ते जुळलं की हात बरोबर ठरलेल्या कोनात येऊन थांबतो, त्याच्या टोकाला नळी असते आणि त्या नळीतून ड्रिल मारतात ते सर्जनच. स्क्रू पिळतात ते पण सर्जनच. स्क्रू बसले की त्या हाताचं काम जवळजवळ संपलं. आईंच्या केसमध्ये त्यांना चालताना जो त्रास होतोय तो नस दबल्यामुळे, आणि नसेवरचं हाड काढणं, जाड झालेला लिगामेंट सोलून काढणं, मधली डिस्क साफ करून तिथे केज, म्हणजे आधाराचा छोटा ठोकळा, बसवणं, हाडाचा चुरा भरणं, हे सगळं हातानेच होतं, दोन्ही पद्धतीत अगदी सारखं. तुमची आई चालायला लागणार ती त्या कामामुळे.

आणि एका लेव्हलच्या फ्युजनला स्क्रू किती लागतात, तर 4. कमरेच्या खालच्या मणक्यांचे पेडिकल, म्हणजे ज्या हाडाच्या दांड्यातून स्क्रू जातो ते, चांगले रुंद असतात, स्क्रू साडेसहा मिलिमीटरच्या आसपासचा असतो, तो तिथे आरामात मावतो. ज्या सर्जनचा हात बसलेला आहे त्यांना तिथे 4 स्क्रू घालणं रोजचं काम आहे. छातीच्या मधल्या मणक्यांत तेच पेडिकल 4-5 मिमीचे असू शकतात, पाठीला बाक असेल तर मणके फिरलेले असतात आणि स्क्रू वीस-वीस लागतात, तिथे मला स्वतःला रोबोट असलेला बरा वाटतो.

रोबोट चुकत नाही असं पण नाही. मणक्याचं हाड जिथे उतरतं असतं तिथे ड्रिलचं टोक सरकतं, करवंटीच्या उतारावर छिद्र पाडायला गेलात तर जसं सरकेल तसंच, आणि ते सरकलेलं कॉम्प्युटरला नेहमी कळतंच असं नाही. नाहीतर ती कमरेतली पिन कुणाच्या धक्क्याने जराशी हलली तर सगळीच मोजमापं हलतात. अशा वेळी चांगले सर्जन थांबतात, परत जुळवून घेतात, नाहीच जमलं तर हात बाजूला सारून नेहमीच्या पद्धतीने पूर्ण करतात. म्हणून माझं मत असं की जे रोबोटशिवाय उत्तम करतात त्यांच्याच हातात रोबोट शोभतो.

एक गोष्ट मात्र मनापासून सांगते, रोबोटमध्ये ऑपरेशन चालू असताना सी-आर्मचे एक्स-रे बरेच कमी मारावे लागतात, आणि आम्ही जे वर्षानुवर्षं जड लेड ॲप्रन घालून तिथे उभे असतो आमच्यासाठी ती फार मोठी गोष्ट आहे. पेशंटला सीटीचं रेडिएशन मिळतंच, त्यामुळे त्यांच्यासाठी फार फरक नाही.

आंबोली_घाट (सावंतवाडी)

सिस्टर म्हणतात ते बरोबर आहे पण रोबोटला एवढं हलकं पण करू नका. माझ्या चुलतभावाचं एकदा फ्युजन झालेलं, कुठे ते लिहीत नाही, दोन वर्षांत स्क्रू ढिला झाला आणि एक स्क्रू हाडाच्या भिंतीतून बाहेर आलेला सीटीत दिसला, पाय सतत जळजळायचा. दुसऱ्यांदा करायचं म्हटल्यावर दोन सर्जन नाही म्हणाले कारण आधीच्या ऑपरेशनमध्ये हाडाच्या ज्या खुणा बघून हाताने अंदाज घेतात त्या उरल्याच नव्हत्या, सगळा जुना व्रण. तेव्हा तिसऱ्या सर्जननी सीटीवर आधी आखणी करून रोबोटने केलं आणि नंतरच्या सीटीत सगळे स्क्रू हाडाच्या आत. भाऊ आज बागेत उभा राहून माणसं लावून काम करून घेतो. आमच्या घरातला कुणीही रोबोट म्हणजे फक्त जाहिरात असं म्हणणार नाही.

आणि आपल्याकडे मोठं ऑपरेशन एकदाच करायची ऐपत असते हो. परत करायची वेळ आली तर खर्च तिप्पट आणि माणूस अर्धा होतो. पावणेदोन लाख जास्त देऊन दुसऱ्या ऑपरेशनची शक्यता थोडी जरी कमी होत असेल तर मी देईन, एवढंच म्हणणं.

वाशिष्ठी_फिजिओ (चिपळूण)

मी फिजिओथेरपिस्ट आहे, सर्जन नाही, पण मणक्याचे पेशंट ऑपरेशनच्या आधी आणि नंतर दोन्ही वेळा माझ्याकडे येतात त्यामुळे ह्या विषयावर बरंच वाचत असते. आंबोली_घाट दादा, तुमच्या भावाच्या केसमध्ये रोबोट योग्यच होता, दुसऱ्यांदा होणारं ऑपरेशन, पाठीचा बाक, छातीचे मणके, इथे त्याचा उपयोग आहे हे कुणी नाकारत नाही. पण ताईंच्या आईची केस पहिल्यांदाच होणारं, एका लेव्हलचं, एल4-एल5, ग्रेड 1. हे जमेल तितकं वेगळं ठेवूया.

अचूकतेचं म्हणाल तर स्क्रू पेडिकलच्या पूर्ण आत असेल किंवा 2 मिमीपेक्षा कमी बाहेर असेल तर तो चांगला धरतात. मणक्यासाठीच्या पहिल्या रोबोटला, इस्राएलच्या मेझॉर कंपनीच्या, अमेरिकेत 2004 मध्ये परवानगी मिळाली. नंतर 2012 मध्ये जर्मनीत 60 पेशंटवर चिठ्ठ्या टाकून तुलना झाली त्यात उलटंच निघालं, हाताने घातलेले 93 टक्के स्क्रू चांगले आणि रोबोटचे 85 टक्के, आणि कारण सिस्टरनी लिहिलंय तेच, नळी हाडावरून सरकत होती. त्यानंतर मशीनं सुधारली. 2019 मध्ये चीनमधल्या 234 पेशंटच्या अभ्यासात अगदी पूर्ण आत बसलेले स्क्रू रोबोटचे 95.3 टक्के आणि नेहमीच्या पद्धतीचे 86.1 टक्के आले. म्हणजे आजचा रोबोट स्क्रूच्या बाबतीत सरस आहे हे मी मान्य करते. वरच्या सांध्याला स्क्रू घासण्याचं प्रमाण पण रोबोटमध्ये कमी दिसतं आणि ते चांगलंच आहे.

पण स्क्रू दीड मिमी इकडे की तिकडे ह्याने तुमची आई रस्त्यापर्यंत चालेल की नाही हे ठरत नाही. पेशंटचं दुखणं किती कमी झालं, रोजची कामं किती जमायला लागली हे विचारून जे मार्क काढतात, त्यात बहुतेक तुलनांमध्ये दोन्ही गट जवळजवळ सारखेच येतात. वेळ मात्र रोबोटला सुरुवातीला जास्त लागतो, टीमचा हात बसेपर्यंत वीस-तीस केसेस जातात असं धरतात. त्यामुळे हॉस्पिटलात रोबोट कधी आला आणि ह्या सर्जननी त्यावर स्वतः किती केल्या हे विचारायला अजिबात लाजू नका.

आता मला जे सगळ्यात महत्त्वाचं वाटतं ते. ताई, तुमच्या दोन्ही डॉक्टरांनी फ्युजन सांगितलं आणि तुमची सगळी चर्चा ते कशाने करायचं ह्यावर चाललीये. फ्युजन लागणारच आहे का हे कुणी समजावून सांगितलं का? आईंना चालताना पाय भरून येतात आणि वाकलं की बरं वाटतं ही अरुंद झालेल्या जागेची लक्षणं आहेत. ती जागा नुसती मोकळी करून, स्क्रू न घालता पण ऑपरेशन होतं. 2016 मध्ये स्वीडनमध्ये 247 पेशंटचा अभ्यास झाला, त्यातल्या निम्म्याहून जास्त जणांचा मणका सरकलेला होता, आणि दोन वर्षांनी नुसती जागा मोकळी केलेले आणि सोबत फ्युजन केलेले ह्यांच्यात काही फरक निघाला नाही. 2021 मध्ये नॉर्वेत फक्त मणका सरकलेल्या 267 पेशंटवर तेच केलं, नुसती जागा मोकळी केलेल्यांपैकी 71.4 टक्के आणि फ्युजनवाल्यांपैकी 72.9 टक्के लोकांना ठरवलेल्या मापाइतका आराम पडला. मात्र 2016 चाच अमेरिकेतला 66 पेशंटचा छोटा अभ्यास आहे त्यात फ्युजनवाले थोडे बरे निघाले आणि फ्युजन न केलेल्यांना पुढे परत ऑपरेशन जास्त लागलं, 34 टक्के विरुद्ध 14 टक्के. म्हणजे सर्जन लोकांतही ह्यावर दोन मतं आहेत आणि दोन्ही प्रामाणिक आहेत. आईंचा मणका हालचालीत सरकतो का ह्यावर पुष्कळ अवलंबून. त्यासाठी पुढे वाकून आणि मागे झुकून उभ्याने एक्स-रे काढतात, साधा एक्स-रेच, शे-पाचशेचं काम. 3-4 मिमीहून जास्त सरकत असेल तर फ्युजनकडे कल जातो. नुसता झोपून काढलेला एमआरआय हे सांगत नाही. तो एक्स-रे झालाय का?

दुसरं म्हणजे हाडं. 62 व्या वर्षी बाईमाणसाची हाडं ठिसूळ असणं अगदी कॉमन आहे आणि ठिसूळ हाडात रोबोटने अगदी मधोमध घातलेला स्क्रू पण ढिला होतो. डेक्सा स्कॅन, म्हणजे हाडांची घनता मोजणारी तपासणी, करून घ्या, त्यातला टी-स्कोअर उणे 2.5 किंवा त्याखाली आला तर आधी हाडांवर उपचार, काही वेळा रोज घ्यायचं इंजेक्शन काही महिने देतात, काही वेळा स्क्रूभोवती सिमेंट भरतात. ड जीवनसत्त्व पण तपासा. शुगर नुसती उपाशीपोटीची नको, एचबीए1सी, म्हणजे साधारण तीन महिन्यांची सरासरी शुगर, बघा, साधारण 7.5-8 च्या खाली आणल्याशिवाय सर्जन सहसा हात लावत नाहीत कारण जखम चिघळते.

आणि एक विचारते, राग मानू नका, आई मशेरी लावतात का? माझ्याकडे येणाऱ्या कित्येक आयांना कुणी हे विचारलेलंच नसतं. सिगरेट ओढता का विचारतात, त्या नाही म्हणतात, विषय संपतो. मशेरीतलं निकोटिन हिरडीतून रक्तात जातंच आणि फ्युजनमध्ये नवीन हाड भरायचं असतं, निकोटिनने तिथला रक्तपुरवठा कमी होतो आणि हाड जुळत नाही. स्क्रू फक्त आधार आहेत, शेवटी हाडाला हाड जुळावं लागतं आणि त्याला सहा महिने ते वर्ष लागतं. जुळलं नाही तर स्क्रू कधीतरी हरणारच, कुणीही घातलेले असोत.

माडाखालची (कुडाळ)

फिजिओताई, तुमचं वाचून मी आईसमोर बसूनच उत्तर लिहितेय. हो, मशेरी लावते. सकाळी, दुपारी जेवल्यावर आणि रात्री. आजवर एकाही डॉक्टरने विचारलं नाही आणि आम्हालाही ते सांगण्यासारखं वाटलं नाही कारण घराघरात असतंच. तिला तुमचं वाचून दाखवलं, ती गप्प बसली, मग म्हणाली बघूया. तिचं बघूया म्हणजे निम्मं हो असतं.

तो वाकून-झुकून एक्स-रे झालेला नाही. डेक्सा पण नाही. एचबीए1सी मागच्या वेळी 8.6 होता.

सिस्टर, तुमचं वाचून पहिल्यांदा मला डोळ्यासमोर आलं की आत नेमकं काय होतं, खूप आभार. भावाला पण पाठवलं. त्याचा मुद्दा आता एवढाच की मुंबईत काही गडबड झालीच तर सगळ्या सोयी आहेत. आणि आंबोली_घाट दादा, तुमची ऐपतीची गोष्ट आमच्याही घरातली आहे.

अजून एक, आमचा फॅमिली मेडिक्लेम आहे 5 लाखांचा, त्यात रोबोट बसतो का? आणि ऑपरेशन करून मुंबईहून आणायचं झालं तर आणायचं कसं, हायवेने तर विचारच नको वाटतो.

पॉलिसीवाला_अलिबाग

मेडिक्लेमचं सांगतो, कामच आहे माझं. विमा कंपन्यांवर देखरेख ठेवणाऱ्या आयआरडीएआयने 2019 च्या नियमांत ज्या 12 आधुनिक उपचारांना विमा कंपनीने सरसकट नाही म्हणायचं नाही असं सांगितलं त्यात रोबोटिक सर्जरी आहे. पण त्याच नियमात कंपनीला मर्यादा घालायची मुभा पण आहे आणि खरी गोम तिथे आहे. काही पॉलिसीत ती रक्कम अगदी तुटपुंजी असते, वरचं सगळं खिशातून. काही जुन्या पॉलिसीत तर रोबोट वापरला म्हणून आख्खं ऑपरेशनच त्या मर्यादेत बसवायचा प्रयत्न होतो. तर पॉलिसीच्या कागदात आधुनिक उपचारांचं पान शोधा, आणि हॉस्पिटलकडून अंदाजपत्रक फोड करून मागा, रोबोटचा चार्ज वेगळा, स्क्रू-केजचा वेगळा, आणि ते घेऊन कॅशलेसची मंजुरी आधी लेखी घ्या. तोंडी होईल हो यावर जाऊ नका.

महात्मा फुले योजनेत आता कुटुंबाला 5 लाखांपर्यंत आहे, मणक्याच्या काही शस्त्रक्रिया बसतात, पण हॉस्पिटल योजनेतलं हवं. योजनेतल्या हॉस्पिटलात आरोग्यमित्र बसतो त्याला रेशनकार्ड दाखवून विचारा. रोबोटचे जादा पैसे त्यातून मिळतील अशी आशा धरू नका.

वेंगुर्ल्याची_मावशी

गो बाय, घाबरा नको, सगळा बरा होतला. माझ्या सासूचं झालंय फ्युजन, साध्या पद्धतीने, त्यामुळे घरी आणल्यावरचं मी सांगते, ते कुणी सांगत नाही.

मुंबईहून आणायचं तर ट्रेनच. जनशताब्दी नको, त्यात बसून यावं लागतं. कोकणकन्या किंवा मांडवीचं झोपून यायचं तिकीट काढा, खालचाच बर्थ, आणि दोन माणसं सोबत. कुडाळला गाडी फार थांबत नाही, त्यामुळे कणकवली गेली की उठवून बेल्ट लावून दाराजवळच्या सीटवर आणून बसवायचं. व्हीलचेअर स्टेशनवर आधी सांगून ठेवायची.

घरात कमोड हवाच, उकिडवं बसणं बंद. पलंग गुडघ्याच्या उंचीचा. जमिनीवर पाट घेऊन जेवणं, विळीवर बसून मासे कापणं, विहिरीचं पाणी शेंदणं, नारळ सोलणं हे डॉक्टर सांगतील तोवर नाही, आणि आमच्या बायका ऐकत नाहीत, बरं वाटायला लागलं की महिन्याभरात पहिली विळी काढतात. मी सासूची विळी शेजारी नेऊन ठेवलेली. पावसात तर ऑपरेशन करूच नका जमलं तर, खळ्यातले चिरे शेवाळाने असे गुळगुळीत होतात की धडधाकट माणूस पडतो. दसऱ्यानंतर करा, तोवर शुगर पण खाली येईल आणि मशेरी पण सुटेल.

वाशिष्ठी_फिजिओ (चिपळूण)

मावशींनी लिहिलंय ते छापून भिंतीला लावा. थांबायला हरकत नाही, ह्या आजारात दोन-चार महिने थांबल्याने सहसा काही बिघडत नाही, पण तीन गोष्टी झाल्या तर थांबायचं नाही, त्याच दिवशी हॉस्पिटल गाठायचं. लघवी अडकली किंवा नकळत व्हायला लागली, बसायच्या जागेला स्पर्श कळेनासा झाला, किंवा पाऊल लुळं पडून चप्पल पायातून सुटायला लागली. तेव्हा रोबोट कुठे आहे ते बघू नका, जवळात जवळ जिथे मणक्याचा सर्जन आहे तिथे जा, तुमच्यासाठी गोवाच.

देवगडची_सिस्टर (सध्या मुंबई)

ताई, भावाच्या मुद्द्यावर. गडबड झाली तर सोयी हव्यात हे खरं आहे पण ते रोबोटशी जोडू नका. आयसीयू आहे का, रक्तपेढी आहे का, ऑपरेशनच्या वेळी नसांचं मॉनिटरिंग करतात का हे दोन्हीकडे विचारा. गोव्यात हे सगळं असेल तर आणि सर्जन वर्षाला अशी भरपूर करत असतील तर माझ्या आईचं मी तिथे केलं असतं. आणि टाके काढायला, पहिल्या तपासणीला, परत एक्स-रेला आईंना किती वेळा न्यावं लागेल ते पण धरा, बाबांचं म्हणणं त्यासाठी मोलाचं आहे.

माडाखालची (कुडाळ)

ठरवलंय असं की उद्याच सावंतवाडीला तो वाकून-झुकून एक्स-रे काढायचा, डेक्साची चौकशी गोव्यातच करतेय. ते दोन रिपोर्ट घेऊन आधी गोव्याच्या डॉक्टरांना विचारणार की नुसती जागा मोकळी करून भागेल का, आणि नसेल तर का नाही. तेच प्रश्न भाऊ मुंबईच्या डॉक्टरांना विचारेल, सोबत रोबोटवर स्वतः किती केल्या ते पण. दोघांची उत्तरं इथे लिहीन. फिजिओताई, मशेरी एकदम बंद करायची की हळूहळू? आज सकाळपासून तिने लावली नाहीये आणि डोकं धरून बसलीये.

वाशिष्ठी_फिजिओ (चिपळूण)

डोकं दुखणं, चिडचिड पहिले काही दिवस होणारच, आठवडाभराने उतरत जातं. एकदम बंद केलेलं चालतं, त्याने धोका नाही. तोंडात बडीशेप, भाजलेला ओवा, लवंग काहीतरी द्या, सुपारी मात्र नको. निकोटिनच्या गोळ्या किंवा च्युइंगम परस्पर देऊ नका, त्यातही निकोटिनच असतं, सर्जनना विचारूनच. आणि दुपारच्या जेवणानंतरची वेळ सांभाळा, सवय तिथेच सगळ्यात घट्ट असते, तेव्हा कुणीतरी त्यांच्याजवळ बसा.